√२ आणि √८ : बेरीज कधी जमते, कधी नाही

√९ + √१६ किती, असं नववीतल्या मुलाला वहीत सोडवायला द्या. बऱ्याच वह्यांत उत्तर येईल √२५, म्हणजे ५. मग पेन खाली ठेवायला सांगून त्यालाच तोंडी विचारा. नवाचं वर्गमूळ? तीन. सोळाचं? चार. तीन नि चार? सात. दोन मिनिटांच्या आत एकाच मुलाने एकाच गणिताची दोन उत्तरं दिलेली असतात, आणि त्यातलं तोंडी दिलेलं बरोबर असतं. म्हणजे मुलाला येत नाही असं नाही. वर्गमुळाचं चिन्ह दिसलं की तो संख्येचा विचार सोडून चिन्हांची जुळवाजुळव करायला लागतो, एवढंच.

गिरगावात फणसवाडीपासून ठाकूरद्वारापर्यंत दर दोन इमारतींमागे एखादी शिकवणी सापडेल. तिथे मुलं 'रूट टू', 'रूट थ्री' म्हणतात, मराठी माध्यमातली पाठ्यपुस्तकातला 'करणी' हा शब्द वापरतात. राज्य मंडळाच्या नववीच्या गणितात 'वास्तव संख्या' या प्रकरणात हा भाग येतो. दहावीला वर्गसमीकरणात, पायथागोरसच्या प्रमेयात आणि त्रिकोणमितीत तोच परत समोर उभा राहतो. नववीत कच्चा राहिला तर दहावीत तीन ठिकाणी मार्क जातात. घरी मुलाला जवळ घेऊन बसणाऱ्या आई-बाबांना आणि स्वतःच शिकू पाहणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल अशा बेताने हा लेख लिहिला आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

आधी ती चूक का होते ते बघू. वर्गमुळाचा गुणाकाराशी छान मेळ आहे: √४ × √९ म्हणजे २ × ३ = ६, आणि √३६ सुद्धा ६. दोन संख्या चिन्हाच्या आत गुणा किंवा बाहेर गुणा, उत्तर तेच. भागाकाराचंही तसंच. मुलगा हे शिकलेला असतो आणि त्याला वाटतं बेरजेलाही हाच नियम लागू असणार. तो नसतो, आणि याची साक्ष कुठलाही गवंडी देईल. कोपरा गुण्यात आहे का हे बघायला तो एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरतो. बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनात. इथे √(९ + १६) म्हणजे तिरका टेप, ५ फूट. √९ + √१६ म्हणजे भिंतीच्या कडेकडेने गेलेला टेप, ७ फूट. तिरकी वाट नेहमीच जवळची असते, म्हणून दोन्ही संख्या शून्याहून मोठ्या असतील तर वर्गमुळांची बेरीज ही बेरजेच्या वर्गमुळापेक्षा कायम मोठीच भरते. त्या दोन कधीच सारख्या होत नाहीत. एवढं एक चित्र डोक्यात बसलं की √२५ ची चूक पुन्हा सहसा होत नाही.

आधी सरळ रूप

बेरीज करण्याआधी प्रत्येक वर्गमूळ सरळ रूपात आणायचं. चिन्हाच्या आतल्या संख्येत एखादी पूर्ण वर्ग संख्या लपलेली असेल तर तिला बाहेर काढायचं. √५० घ्या. ५० = २५ × २. पंचवीसचं वर्गमूळ पाच, म्हणून √५० = ५√२. आत २ उरले आणि त्यात आणखी पूर्ण वर्ग नाही, काम संपलं.

कोणता पूर्ण वर्ग लपलाय हे ओळखायचं कसं? इथे १ ते १५ पर्यंतचे वर्ग पाठ असल्याशिवाय गत्यंतर नाही. ते पाढ्यांसारखे तोंडावर हवेत: १२१, १४४, १६९, १९६, २२५. कॅल्क्युलेटरवर मिळतात हे खरं, पण १४७ बघून त्यात ४९ दिसायला ४९ आधी डोक्यात असावे लागतात.

तरीही अडलं तर चार चाळण्या लावा. शेवटच्या दोन अंकांची संख्या ४ ने भागली जाते का? मग ४ बाहेर, म्हणजे चिन्हाबाहेर २. अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात आहे का? मग ९ बाहेर, म्हणजे ३. शेवट ००, २५, ५० किंवा ७५ असा आहे का? मग २५ बाहेर, म्हणजे ५. यातलं काहीच नसेल तर ४९ ने भागून बघा. शाळेच्या पुस्तकातल्या बहुतेक संख्या या चार चाळण्यांत अडकतात. √१००८ घ्या. शेवट ०८, चारने भाग जातो: २५२. परत शेवट ५२, परत चार: ६३. अंकांची बेरीज नऊ, म्हणून नवाने: ७. बाहेर आले २, २ आणि ३, आत उरला ७. उत्तर १२√७. उलटून पाहा: १२ चा वर्ग १४४, गुणिले ७, झाले १००८.

मूळ अवयव पाडून जोड्या लावण्याची पद्धत बाई वर्गात शिकवतात, तीही चांगली आहे. १८० = २ × २ × ३ × ३ × ५. दोनची जोडी, तीनची जोडी, पाच एकटा. प्रत्येक जोडीतला एक बाहेर: ६√५. संख्या मोठी आणि आडनिडी असेल तर हीच पद्धत खात्रीची. माझा कल मात्र चाळणीकडे आहे, कारण परीक्षेत ती वेळ वाचवते आणि मुलाला संख्येकडे नीट बघायची सवय लागते.

इथे एक अर्धवटपणा फार दिसतो. √७२ चं कोणी ९ बाहेर काढून ३√८ करतं आणि थांबतं. चूक नाही, पण ८ मध्ये अजून ४ आहेत. ३√८ = ३ × २√२ = ६√२. बाहेर काढलेला २ आधीच्या ३ ला गुणायचा, मिळवायचा नाही. ५√२ असं उत्तर आलं की समजा, तिथे बेरीज झालेली आहे.

रांगोळीच्या ठिपक्यांवर बेरीज

सरळ रूप झालं की बेरीज सोपी असते. चिन्हाच्या आतला भाग सारखा असेल तर बाहेरचे आकडे मिळवायचे, आतल्याला हात लावायचा नाही. √५० + √१८ = ५√२ + ३√२ = ८√२. अशा एकाच आतल्या भागाच्या करणींना सजातीय करणी म्हणतात.

पण नियम सांगितला म्हणून मुलाने मानावा, असं मला वाटत नाही. त्याला ते दिसलं पाहिजे. त्यासाठी घरातली रांगोळीची ठिपक्यांची वही किंवा कागद काढा, सरळ ओळींतले ठिपके असलेला. पाडव्याच्या शोभायात्रेच्या आधी गिरगावात असे कागद घरोघरी निघतातच. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर १ धरा. एका ठिपक्यापासून एक घर उजवीकडे आणि एक घर वर असलेल्या ठिपक्यापर्यंत तिरकी रेघ ओढा. पायथागोरसप्रमाणे तिची लांबी √(१ + १), म्हणजे √२. आता जिथे पोचलात तिथूनच पुढे दोन घरं उजवीकडे आणि दोन घरं वर जाणारी रेघ ओढा. तिची लांबी √(४ + ४), म्हणजे √८. पट्टी लावून बघा, दोन्ही रेघा एकाच सरळ रेषेत आहेत. पूर्ण रेघ कुठून कुठे गेली? तीन घरं उजवीकडे, तीन घरं वर. तिची लांबी √(९ + ९) = √१८. म्हणजे

√२ + √८ = √१८

हे आपण कुठलाही नियम न वापरता कागदावर मिळवलं. √१० कुठेही आलं नाही. सरळ रूपात हेच √२ + २√२ = ३√२: √८ च्या रेघेवर √२ चा तुकडा बरोबर दोनदा बसतो, म्हणून सगळी रेघ तीन तुकड्यांची.

आता दुसरी रेघ वेगळ्या दिशेने काढा. √२ च्या टोकापासून एक घर उजवीकडे, दोन घरं वर. तिची लांबी √५. या वेळी रेघ वाकली. सुरुवातीच्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत थेट रेघ ओढली तर ती दोन घरं उजवीकडे, तीन घरं वर, म्हणजे √१३ लांबीची. √१३ अंदाजे ३.६०६ येतं आणि √२ + √५ म्हणजे १.४१४ + २.२३६ = ३.६५०. फरक इतका बारीक की पट्टीवर मोजताना चुकून सारखंच वाटावं, पण सारखं नाही. √७ म्हणाल तर ते २.६४६, म्हणजे कितीतरी मागे.

चौकोनी मांडणीच्या ठिपक्यांवर कितीही शोधा, दोन ठिपक्यांमधलं √३ अंतर सापडणार नाही, कारण दोन पूर्ण वर्गांची बेरीज ३ होतच नाही. पण १५ ते ८ अशी, एकमेकांच्या फटीत बसवलेल्या ठिपक्यांची रांगोळी असते ना, तिच्यात जवळच्या तीन ठिपक्यांचा समभुज त्रिकोण होईल अशी नेमकी मांडणी केली तर √३ लगेच भेटतं. एका ठिपक्यापासून सरळ वर, एक ओळ सोडून त्याच उभ्या रेषेत येणारा ठिपका √३ अंतरावर असतो. त्याच्या पुढचा तसाच √१२ वर, त्याच्या पुढचा √२७ वर. तिथे √३ + √१२ = √२७ डोळ्यांनी दिसतं.

भास्कराचार्यांची कसोटी

२ आणि ८ ही जोडी मी उगाच निवडली नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा एक भाग 'बीजगणित' आहे. त्यात करणींच्या बेरीज-वजाबाकीची उदाहरणं आहेत. वाचणाऱ्याला मित्र म्हणून हाक मारत ते विचारतात: २ आणि ८ या करणींची बेरीज आणि वजाबाकी सांग, मग ३ आणि २७ यांची, मग ३ आणि ७ यांची. तेव्हा वर्गमुळाचं आजचं चिन्ह नव्हतं. संख्येआधी 'क' लिहायचे, क २, क ८ असं.

त्यांची रीत आजच्या वर्गात शिकवत नाहीत, पण शिकवायला हवी असं माझं मत आहे, कारण तिच्यातून एक झटपट कसोटी हाती येते. दोन संख्यांची बेरीज करा: २ + ८ = १०. त्यांचा गुणाकार करा: १६. त्याचं वर्गमूळ ४, त्याची दुप्पट ८. आता १० मध्ये ८ मिळवा, १८ आले. १० मधून ८ वजा करा, २ आले. म्हणून √८ + √२ = √१८ आणि √८ − √२ = √२. दुसरी जोडी: ३ + २७ = ३०, गुणाकार ८१, मूळ ९, दुप्पट १८. ३० + १८ = ४८ आणि ३० − १८ = १२. म्हणजे बेरीज √४८, वजाबाकी √१२. आपल्या पद्धतीने पडताळा: √२७ = ३√३, बेरीज ४√३, आणि ४√३ चा वर्ग ४८. जमलं. यामागे (अ + ब)² = अ² + २अब + ब² हेच सूत्र आहे, सातवी-आठवीतलं. अ आणि ब च्या जागी दोन वर्गमुळं घाला, रीत आपोआप बाहेर येते.

या रीतीत सगळं एका पायरीवर अडतं: गुणाकाराचं वर्गमूळ पूर्ण यायला हवं. तीच कसोटी. दोन करणींच्या आतल्या संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग असेल तर त्या एकत्र येतात, नसेल तर येत नाहीत. √१२ आणि √७५? १२ × ७५ = ९००, तीसचा वर्ग. जमतं, आणि बेरीज ७√३ येते. √१८ आणि √३२? ५७६, चोवीसचा वर्ग. जमतं, ७√२. √८ आणि √१२? ९६, पूर्ण वर्ग नाही. सरळ रूप न काढताच कळलं की २√२ आणि २√३ वेगळेच राहणार. बहुपर्यायी प्रश्नात सजातीय जोडी ओळखायची असेल तेव्हा याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही.

आणि ३ आणि ७? गुणाकार २१, पूर्ण वर्ग नाही. भास्कराचार्य त्या दोन करणी वेगळ्याच ठेवायला सांगतात. √३ + √७ हेच उत्तर. मुलांना हे पटत नाही. मध्ये अधिकचं चिन्ह शिल्लक असलेलं उत्तर त्यांना अर्धवट वाटतं, आणि ते 'पूर्ण' करायच्या नादात √१० लिहून मोकळे होतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. बाकीचं हिशेबाचं काम आहे, सरावाने येतं. आई-बाबांनीही इथे जरा जपावं. मुलाने √३ + √७ लिहून ठेवलं तर 'पुढे सोडव ना' म्हणू नये.

भास्कराचार्यांचा विषय निघालाच आहे तर मुंबईशी असलेला एक धागा सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी, यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याची ती नोंद. एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला तो मुंबईतले डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी, ज्यांचं नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे. म्हणजे करणींची बेरीज शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी खानदेशात शिकवणी चालत असे, असं म्हणायला हरकत नाही.

परीक्षेत घसरायच्या जागा

आता थोडं लांब गणित: √२० + √४५ − √२८ + √६३. आधी सगळं सरळ रूपात: २√५ + ३√५ − २√७ + ३√७. पाचवाले पाचवाल्यांशी, सातवाले सातवाल्यांशी: ५√५ + √७. इथे थांबा. १√७ मधला एक लिहीत नाहीत, म्हणून ३√२ + √२ आलं की काही मुलं ३√२ च लिहितात, जणू नुसतं √२ म्हणजे शून्य. तिथे पेन्सिलीने १ लिहायची सवय लावा, महिनाभराने ती आपोआप सुटेल.

√२ + √२ आणि √२ × √२ यांतला घोळ जुनाच आहे. पहिलं २√२, म्हणजे सुमारे २.८२८. दुसरं २.

चिन्हाच्या आत अक्षर आलं तरी काही बदलत नाही. क्ष शून्याहून मोठा असेल तर √१२क्ष³ = २क्ष√३क्ष आणि √२७क्ष³ = ३क्ष√३क्ष, बेरीज ५क्ष√३क्ष. क्ष ऋण असू शकेल अशा ठिकाणी √क्ष² चं उत्तर नुसतं क्ष नसतं, क्ष ची केवलकिंमत असते. क्ष = −३ घालून बघा: वर्ग ९, वर्गमूळ ३, −३ नव्हे.

दहावीच्या वर्गसमीकरणात जास्त मार्क जातात ते असे. क्ष² − ६क्ष + ७ = ०. सूत्राने क्ष = (६ ± √८)/२. काही मुलं ६ ला २ ने भागून ३ ± √८ लिहितात. काही √८ मधल्या ८ लाच २ ने भागून √४ करतात. आधी √८ = २√२ करा, मग वरच्या दोन्ही पदांना २ ने भागा: ३ ± √२. पडताळा: दोन मुळांची बेरीज ६, गुणाकार ९ − २ = ७. समीकरणातले आकडे परत मिळाले.

पडताळ्यासाठी चार किमती पाठ असाव्यात: √२ = १.४१४, √३ = १.७३२, √५ = २.२३६, √७ = २.६४६. उत्तर लिहून झालं की कच्च्या कामाच्या जागेत अंदाज घ्या. √५० सातच्या जरा पुढे, √१८ चारच्या जरा पुढे, बेरीज अकराच्या आसपास यायला हवी. ८√२ = ११.३, जमलं. √६८ लिहिलं असतं तर सव्वाआठच्या आसपास आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि मुलं नेमकं तेच टाळतात.

सरावासाठी ही घ्या. √७५ − √१२ + √४८. मग २√५० + ३√१८ − √८. मग √१४७ + √२४३ − √१०८. पहिल्याचं उत्तर ७√३, दुसऱ्याचं १७√२, तिसऱ्याचं १०√३. वेगळं आलं तर सरळ रूपाची ओळ आधी तपासा, चूक बहुधा तिथेच असते. आणि एक उलटं गणित: √५० ही दोन नैसर्गिक संख्यांच्या वेगवेगळ्या वर्गमुळांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येईल? √५० म्हणजे ५√२, म्हणून दोन्ही वर्गमुळं √२ च्या पटीतली हवीत. पाचाचे दोन वेगळे भाग १ आणि ४ किंवा २ आणि ३ असेच पडतात. त्यामुळे √२ + √३२ आणि √८ + √१८, दोनच प्रकार. आता हेच √९८ साठी करून बघा आणि रांगोळीच्या कागदावर त्या सगळ्या रेघा काढा.